यूएफ : काय अडतं, काय सुटतं

पलूस तालुक्यातल्या कुठल्याही द्राक्षबागेत मोटारीच्या खोलीशेजारी फिल्टरांची एक रांग असते. बोअरचं पाणी असेल तर आधी रेती वेगळी करणारा हायड्रोसायक्लोन. नदीचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर वाळूनं भरलेली मोठी टाकी, म्हणजे सँड फिल्टर. त्यापुढे जाळीचा नाहीतर चकत्यांचा फिल्टर. पाणी चालू केलं की बागायतदार आधी प्रेशर गेजकडे बघतो. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काट्यांत फरक वाढला, की फिल्टर तुंबला. मग व्हॉल्व्ह फिरवून पाणी उलटं सोडायचं, म्हणजेच बॅकवॉश मारायचा. वाळूत अडकलेलं शेवाळ हिरवट-तपकिरी पाण्याबरोबर चरात जातं, काटे पुन्हा जवळ येतात आणि ड्रिप सुरू होतं.

त्या जाळीच्या फिल्टरवर बहुतेक वेळा 120 मेश किंवा 130 मायक्रॉन असं लिहिलेलं असतं. ड्रीपरची आतली वाट साधारण एक मिलिमीटरची असते. ड्रीपर तुंबायला नको असेल, तर त्या वाटेच्या सातव्या-दहाव्या हिश्श्याहून मोठा कण पुढे जाऊ द्यायचा नाही, असा ठोकताळा आहे. त्यातून हा 130 चा आकडा येतो. जाळी वाळू अडवते, पाचोळ्याचे तुकडे अडवते, शेवाळाचे गोळे अडवते. बारीक गाळ, जिवाणू, खतातला नायट्रेट, क्षार हे सगळं आरामात पलीकडे जातं. ते जायला हरकतही नसते. द्राक्षवेलीला गाळलेलं पाणी हवं असतं, शुद्ध पाणी नव्हे. शिवाय ड्रिपमधून सोडायची विद्राव्य खतं पलीकडे जायलाच हवीत.

या प्रकरणाचा विषय त्या जाळीपेक्षा हजारो पटींनी बारीक गाळणीचा आहे. तिला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात, आणि दुकानात, दवाखान्यात, डेअरीत सगळीकडे ‘यूएफ’ एवढंच म्हटलं जातं. पण बागेतल्या फिल्टरचा नियम तिलाही लागू आहे. गाळणी काय अडवते हे विक्रेता स्वतःहून सांगतो. ती काय सोडते हे आपल्याला विचारावं लागतं, आणि तिचा खरा उपयोग बऱ्याचदा त्या दुसऱ्या उत्तरात असतो.

आधी मापं. एक मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन. यीस्टची पेशी पाच ते दहा. पोटाचे विकार करणारे बहुतेक जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपास. विषाणू त्याहून कितीतरी लहान. पोलिओचा विषाणू जेमतेम 0.03 मायक्रॉनचा. त्याखाली प्रथिनांचे रेणू, मग साखरेचे, आणि सगळ्यात तळाला पाण्यात विरघळलेले क्षार.

या उतरंडीवर गाळण्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात. साधारण 10 ते 0.1 मायक्रॉनपर्यंत मायक्रोफिल्ट्रेशन. 0.1 पासून 0.01 पर्यंत आणि त्याच्याही थोडं खाली अल्ट्राफिल्ट्रेशन. त्यानंतर एक-सहस्रांश मायक्रॉनच्या आसपास नॅनोफिल्ट्रेशन, आणि शेवटी रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे घरोघरी पोचलेला आरओ. या पायऱ्यांमध्ये काटेकोर भिंती नाहीत. एका कंपनीचा यूएफ दुसरीच्या मायक्रोफिल्ट्रेशनला चिकटून असतो. पण ढोबळ हिशेब पक्का आहे. यूएफ जिवाणू अडवतो, बारीक छिद्रांचा असेल तर विषाणूही अडवतो, मोठी प्रथिनं अडवतो. पाणी, साखर आणि क्षार सोडून देतो.

इतक्या खाली छिद्राचा व्यास सांगून फारसं काही साधत नाही. छिद्रं वेडीवाकडी असतात, सारख्या मापाची नसतात आणि रेणूही गोट्यांसारखे गोल नसतात. म्हणून या क्षेत्रातले लोक गाळणीचं माप रेणूच्या वजनात सांगतात. त्याचं एकक डाल्टन. हायड्रोजनचा अणू सुमारे एक डाल्टनचा, पाण्याचा रेणू 18, दुधातल्या साखरेचा म्हणजे लॅक्टोजचा 342, रक्तातल्या अल्ब्युमिनचा सुमारे 66,000. ‘दहा हजार डाल्टनचा पडदा’ म्हणजे दहा हजार डाल्टनच्या रेणूंपैकी साधारण 90 टक्के अडवणारा पडदा. इथे 90 टक्के हा आकडा महत्त्वाचा. शंभरातले दहा निसटतात, हे मापाच्या व्याख्येतच मान्य केलेलं असतं.

अल्ट्राफिल्ट्रेशन हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश बेखहोल्ड याने 1907 च्या सुमारास रूढ केलं. त्याने गाळणकागद कोलोडियनच्या द्रावात भिजवून त्याची छिद्रं बारीक केली. द्रावाचं प्रमाण कमीजास्त केलं की छिद्रं लहानमोठी करता येतात, हे त्याने दाखवलं. प्रयोगशाळेत हे छान चाललं. कारखान्यात चालेना, कारण इतक्या बारीक छिद्रांतून पाणी ठिबकत ठिबकत येतं. पन्नासेक वर्षं हे तंत्र काचेच्या भांड्यांपुरतंच राहिलं.

अडचण सुटली ती समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या खटपटीत. 1959 नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा एक वेगळा पडदा बनवला. सौरीराजन मूळचे भारतीय. या पडद्याच्या एका अंगाला अतिशय पातळ, घट्ट साय होती आणि तिच्या खाली स्पंजासारखा जाड, मोकळा थर. गाळायचं काम ती साय करते, आणि ती इतकी पातळ की पाण्याला अडथळा कमी होतो. खालचा स्पंज तिला नुसता आधार देतो. याच रीतीने पुढे यूएफचे पडदे तयार झाले. आज ते पॉलिसल्फोन, पीव्हीडीएफ, पॉलिअॅक्रिलोनायट्राइल अशा प्लास्टिकांचे असतात. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिसल्फोनचा पडदा चढवलेली घरगुती कँडल विकसित करून तिचं तंत्रज्ञान उद्योजकांना दिलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पॉलिअॅक्रिलोनायट्राइलच्या पडद्यांवर काम झालं आहे.

पाण्याच्या यंत्रात पडदा बहुधा सपाट नसतो. शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा एका पाइपात भरलेला असतो. पाणी नळीच्या भिंतीतून झिरपतं आणि घाण आत किंवा बाहेर, रचनेप्रमाणे, मागे राहते. जुनी कँडल कापून पाहिली तर पांढऱ्या दोऱ्यांची लड दिसते. दोरा भिंगाखाली धरला की मधलं भोक दिसतं. गाळणारी छिद्रं मात्र भिंगातूनही दिसणार नाहीत, कारण ती प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान आहेत.

एवढ्या बारीक छिद्रांपुढे घाण साचली तर गाळणी काही मिनिटांत बंद पडेल. म्हणून कारखान्यातल्या यूएफमध्ये द्रव पडद्यावर सरळ दाबत नाहीत, पडद्याच्या अंगाअंगाने जोरात वाहवतात. वाहत्या द्रवाचा थोडा भाग पडद्यातून पलीकडे जातो, उरलेला भाग पडद्यावर साचू पाहणारं घेऊन पुढे निघतो आणि फिरून परत येतो. पलीकडे गेलेल्या द्रवाला परमिएट म्हणतात, अलीकडे राहिलेल्याला रिटेंटेट. तरीही पडद्यावर हळूहळू प्रथिनांचा चिकट थर बसतोच. मग कॉस्टिक आणि आम्ल फिरवून तो काढावा लागतो. पडदा विकत घेणं एकदाचं असतं, धुणं रोजचं. या धंद्यात नफातोटा त्या धुण्यावर ठरतो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

द्रव असा फिरवत ठेवायचा म्हणजे पंप हवा. पंपाबद्दल पलूसकरांना कोणी सांगायला नको. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणला. त्याच माळाची किर्लोस्करवाडी झाली आणि तिथले पंप देशभर गेले. यूएफला लागणारा दाब फार नसतो. पाण्यासाठी एक-दोन बार पुरतात, दुधासाठी थोडा जास्त. समुद्राच्या पाण्याच्या आरओला मात्र 55 ते 70 बार लागतात. कारण सोपं आहे. यूएफमध्ये क्षार पलीकडे जाऊ दिल्यामुळे ऑस्मोसिसचा दाब जवळजवळ उभाच राहत नाही. जे अडवायचं नाही त्याच्याशी झगडावंही लागत नाही, आणि विजेचं बिल कमी येतं.

आता दूध. भिलवडीत 1939 साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला, आणि कृष्णाकाठचा हा भाग ऊस-द्राक्षांइतकाच दुधासाठीही ओळखला जाऊ लागला. यूएफ समजून घ्यायला दुधासारखा पदार्थ नाही. उतरंडीवरची जवळजवळ प्रत्येक पायरी दुधात आहे. मेदाचे थेंब सरासरी तीन-चार मायक्रॉनचे. केसिन या प्रथिनाचे पुंजके साधारण 0.15 मायक्रॉनचे. त्याखाली निवळीतली प्रथिनं, 14 ते 18 हजार डाल्टनची. त्याखाली लॅक्टोज, आणि मग क्षार.

श्रीखंडासाठी चक्का बांधतो तेव्हा आपण काय करतो? दही फडक्यात बांधून टांगतो. रात्रभर हिरवट-पिवळसर पाणी ठिबकतं आणि सकाळी चक्का उरतो. त्याच फडक्यातून दूध ओतलं असतं तर सगळं दूध खाली गेलं असतं. फडकं तेच, पण विरजणामुळे दूध आंबलं, केसिनचे पुंजके एकमेकांना चिकटून त्यांचं जाळं झालं आणि ते जाळं फडक्यात अडकलं. म्हणजे फडक्याची छिद्रं बारीक करण्याऐवजी आपण कण मोठा केला.

या पद्धतीत एक नुकसान आहे. निवळीबरोबर लॅक्टोज जातं, ते जायला हवंच, कारण दह्याचा आंबटपणा आणि पाणी कमी करायचं असतं. पण जाळ्यात न अडकलेली प्रथिनंही जातात. दुधाच्या एकूण प्रथिनांत केसिन सुमारे 80 टक्के, निवळीतली प्रथिनं 20 टक्के. विरजणापूर्वी दूध चांगलं तापवलं तर त्यातली बरीचशी प्रथिनं केसिनला चिकटतात आणि चक्क्यात राहतात. कच्च्या दुधाचं दही पाणी जास्त सोडतं आणि साय येईस्तोवर तापवलेल्या दुधाचं घट्ट बसतं, त्यामागे हेही एक कारण आहे. आंबटपणामुळे केसिनला बांधलेलं कॅल्शियमही सुटून निवळीत उतरतं. चक्क्याचं पाणी कणकेत घालणाऱ्या आज्यांचा हिशेब बरोबर होता.

यूएफ इथे वेगळं काम करतो. दूध आंबवावं लागत नाही. मलई काढलेलं गोडं दूध दहा हजार डाल्टनच्या आसपासच्या पडद्यापाशी फिरवत ठेवलं, की पाणी, लॅक्टोज आणि विरघळलेले क्षार पलीकडे जातात. केसिन आणि निवळीतली प्रथिनं दोन्ही अलीकडे राहतात, केसिनला बांधलेलं कॅल्शियमही राहतं. दूध न तापवता, न फाडता, प्रथिनांनी दाट होतं. 1969 साली मोब्वा, मोको आणि व्हासाल या तीन फ्रेंच संशोधकांनी याच्यावर चीज बनवण्याची रीत मांडली. दूध आधीच चीजइतकं दाट करायचं आणि मग ते साकळवणारं रेनेट घालायचं. मागाहून निवळी काढत बसायचं नाही, आणि निवळीबरोबर जाणारी प्रथिनं चीजमध्येच राहणार. त्या रीतीला त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून एमएमव्ही म्हणतात. फेटासारख्या मऊ चीजच्या धंद्याचं रूप तिने पालटलं.

पण दुधाच्या धंद्यात यूएफची सगळ्यात मोठी कमाई झाली ती फेकून दिल्या जाणाऱ्या पाण्यावर. चीज आणि पनीर करणाऱ्यांपुढे निवळीचा प्रश्न कायमचा. ती ओढ्यात सोडली तर त्यातली साखर आणि प्रथिनं कुजून पाण्यातला प्राणवायू संपतो. घरगुती सांडपाण्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक भार तिच्यात असतो. हीच निवळी यूएफमधून नेली, की लॅक्टोज आणि पाणी पलीकडे, प्रथिनं अलीकडे. ती आणखी पाणी घालून घालून धुतली की साखर जवळजवळ निघून जाते. मग वाळवून जी पूड होते, ती जिममध्ये ‘व्हे’ म्हणून डब्यांतून विकली जाते. कुंडलचं कुस्ती मैदान महाराष्ट्रात गाजलेलं. तिथल्या तालमीतल्या पोरांनी दूध, बदाम आणि थंडाईवर अंग कमावलं. आता त्यांच्याच घरातली नवी पिढी 80 टक्के प्रथिनांचा डबा घेते, तेव्हा ती खरं तर चीजवाल्याच्या गटारात जाणारी वस्तू पडद्यातून सोडवून घेत असते. भाव मात्र बदामाचा देते.

द्राक्षांकडे परत येऊ, पण थोडक्यात. महाराष्ट्र सरकारने 2001 मध्ये द्राक्ष-वाइन धोरण आणलं आणि औद्योगिक विकास महामंडळाने दोन वाइन पार्क आखले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, गोदावरीच्या नावाचा. दुसरा पलूसला, कृष्णेच्या नावाचा. नाशिकइतका वाइनचा जम पलूसला बसला नाही. इथली द्राक्षं प्रामुख्याने खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातात, आणि सांगली-तासगावच्या बेदाण्याच्या बाजारपेठा जवळ असल्यावर बागायतदाराने दुसरीकडे का बघावं? पण वाइनरीत गाळण्याचं जे काम चालतं, ते या विषयात बसतं. बाटली भरण्याआधीची शेवटची गाळणी 0.45 मायक्रॉनची असते. ती यूएफ नाही, एक पायरी वरची. वाइनमधून यीस्ट आणि जिवाणू काढायचे असतात, म्हणजे बाटलीत पुन्हा आंबण होणार नाही. रंग, वास, चव आणि टॅनिन मात्र राहायला हवेत. यूएफ लावला तर त्यांतला काही भाग अडेल आणि वाइन फिकी पडेल. अधिक बारीक गाळणी म्हणजे अधिक चांगली, हा समज मोडायला हे उदाहरण पुरेसं आहे. वाइनरीतले लोक आणखी एक गोष्ट करतात, जी आपल्या घरच्या फिल्टरबाबत कोणी करत नाही. गाळणी ओली करून तिच्यात हवेचा दाब वाढवत नेतात आणि पलीकडे पहिला बुडबुडा कोणत्या दाबाला येतो ते पाहतात. ठरलेल्या दाबाआधी बुडबुडा आला, तर पडद्याला कुठेतरी चीर आहे.

यूएफचा सगळ्यात जुना कारखाना आपल्या पाठीत आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्ताच्या दाबाने त्यांतून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. पाणी, क्षार, साखर, युरिया पलीकडे जातात. रक्तपेशी आणि अल्ब्युमिन अलीकडे राहतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकांतही या क्रियेला अल्ट्राफिल्ट्रेशनच म्हणतात. आणि मग शरीर एक गोष्ट करतं जी कुठल्याही यंत्राला नीट जमलेली नाही. त्या 180 लिटरमधला जवळजवळ सगळा माल, साखर आणि हवे तेवढे क्षार धरून, परत उचलून घेतं. लघवी होते दीड-दोन लिटर. लघवीत अल्ब्युमिन सापडणं म्हणजे पडद्याला इजा झाल्याची खूण. मधुमेह असणाऱ्यांना डॉक्टर वर्षातून एकदा ही तपासणी सांगतात ती त्यासाठी, आणि ती टाळू नये.

मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिस. 1943 मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ याने सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरला जाणारा सेलोफेन लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिलं चालणारं यंत्र केलं. त्याने युरिया निघत होता, पण अंगातलं जादा पाणी हवं तेवढं काढायची सोय नव्हती. ती 1946 मध्ये स्वीडनच्या निल्स आल्वाल याने आणली. पडदा बंद भांड्यात ठेवून त्याने दाबातला फरक ताब्यात घेतला. आज डायलिसिसच्या खाटेजवळ ‘आज यूएफ किती ठेवलाय?’ हा प्रश्न रोज ऐकू येतो. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पेशंट जे पाणी, चहा, आमटी, फळं घेतो त्यातलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. तो आला की आधी वजनकाट्यावर उभा राहतो. त्याचं ठरलेलं कोरडं वजन 58 किलो आणि आजचं 60.5 असेल, तर जवळपास अडीच लिटर पाणी चार तासांत काढायचं. तेवढा आकडा तंत्रज्ञ यंत्रात भरतो. फार घाईने काढलं तर रक्तदाब पडतो, पायात गोळे येतात, म्हणून ताशी किलोमागे 13 मिलिलिटरच्या वर सहसा जाऊ नये असं मानतात. 58 किलोच्या माणसाला चार तासांत हे होतात तीन लिटर. दोन भेटींच्या मध्ये चार किलो वाढवून आलेल्याला डॉक्टर का रागावतात, ते या गुणाकारात आहे.

उरलं पिण्याचं पाणी, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा यूएफशी संबंध तिथेच येतो.

पलूस तालुक्यात पाण्याचे दोन प्रश्न एकमेकांशेजारी नांदतात. एक पुराचा. 2005, 2019, 2021. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला पुरातून लोकांना नेणारी नाव उलटून माणसं गेली, ते कृष्णाकाठ विसरलेला नाही. भिलवडीसारख्या गावांत पाणी दुकानांत, घरांत शिरलं. पूर ओसरला की विहिरी, आड आणि पाइपलाइनींत गाळाबरोबर जिवाणू-विषाणू मागे राहतात. दुसरा प्रश्न बारमाही. काळी जमीन, भरमसाट पाणी, उसाची आणि द्राक्षांची खतं यांनी कृष्णाकाठचं बरंच शिवार क्षारपड झालं आणि कित्येक बोअरचं पाणी मचूळ लागतं. भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही.

पहिल्या प्रश्नावर यूएफ हे उत्तम उत्तर आहे. चांगला पडदा जिवाणू 99.99 टक्के अडवतो, म्हणजे एका लाखातून दहा पुढे जातात. वीज लागत नाही असेही प्रकार मिळतात, वरच्या टाकीतल्या पाण्याच्या दाबावर चालणारे. पुरानंतर वीज आठ-आठ दिवस नसते तेव्हा याचं मोल कळतं. फक्त गढूळ पाणी थेट त्यात ओतू नये. तुरटी फिरवून निवळू द्यावं, वरचं पाणी फडक्यातून गाळावं आणि मग यूएफला द्यावं, नाहीतर पडदा दोन दिवसांत बसेल. आणि यूएफनंतर पाण्यात क्लोरीनचा अंश उरत नाही, कारण तो मुळात घातलेलाच नसतो. गाळलेलं पाणी उघड्या माठात ठेवून तांब्या हातासकट बुडवला, तर पडद्याची सगळी मेहनत तिथेच संपते.

दुसऱ्या प्रश्नावर यूएफचा काडीचा उपयोग नाही. क्षार पलीकडे जातात, नायट्रेट पलीकडे जातो. नायट्रेटचं वजन 62 डाल्टन, त्याला दहा हजारांच्या पडद्याची काय तमा! यूएफच्या आधी आणि नंतर टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, बुडवून पाहा, आकडा जागचा हलत नाही. काही विक्रेते त्याच मीटरने आरओ विकतात. यूएफच्या पाण्यात मीटर बुडवून 300 दाखवायचं, आरओच्या पाण्यात 30, आणि म्हणायचं, बघा केवढी घाण होती. 300 ही घाण नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असणं योग्य धरलं जातं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलं जातं. मीटर जिवाणू मोजत नाही. ओढ्याच्या पाण्याचा टीडीएस 150 असू शकतो आणि ते पिऊन जुलाब लागू शकतात.

आरओ क्षार काढतो हे खरं, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. घरगुती यंत्रात एक लिटर पाणी मिळायला दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे मोरीत जातं. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी असं सांगितलं, ते या नासाडीमुळेच. ज्याच्या घरी नळाला कृष्णेचं शुद्धीकरण केलेलं पाणी येतं, त्याने आरओ घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. त्याला यूएफ पुरे. ज्याचं सगळं पाणी मचूळ बोअरचं आहे, त्याला यूएफ विकणं ही फसवणूक.

आपण कोणत्या बाजूला आहोत, हे दुकानात जाऊन कळत नाही, पाणी तपासून कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा त्यासाठीच आहेत. रासायनिक आणि जैविक अशा दोन्ही तपासण्या मागा. जैविक नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक करून घ्या, नमुना घेतल्यावर थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असे दोन अहवाल हातात आले की टीडीएस, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (जिवाणू) या तीन ओळी वाचा. फक्त कोलिफॉर्म असेल तर यूएफ घ्या. टीडीएस किंवा नायट्रेट हद्दीबाहेर असेल तर आरओ घ्या, आणि त्याचं टाकाऊ पाणी फरशी, संडास आणि गाडी धुवायला वापरा. ते परसातल्या झाडांना घालू नका. क्षार त्यातच एकवटलेले असतात.